‘मी कुठं पापी?’ असं वाटणाऱ्यांनी रोमकरांस पत्र कसं वाचायचं

“सगळी माणसं पापी आहेत” हे वाक्य ऐकलं की निम्मे लोक मान डोलावतात आणि निम्मे चिडतात, आणि खरं सांगू का, मान डोलावणाऱ्यांपेक्षा चिडणारे बरे, निदान त्यांनी वाक्य नीट ऐकलेलं तरी असतं. मी स्वतः बरीच वर्षं मान डोलावणाऱ्यांत होतो. पाप, कृपा, विश्वास, तारण हे शब्द इतक्यांदा कानावरून गेलेले की ‘म्हणजे नक्की काय रे’ असं कोणी विचारलं असतं तर मी उत्तर म्हणून अजून चार तसलेच शब्द फेकले असते. मग एकदा एका मित्राने, जो कुठल्याच देवाला मानत नाही, सरळ विचारलं की तुमचा देव न्यायी आहे म्हणता, आणि तोच देव गुन्हेगाराला विश्वास ठेवला एवढ्यावरच सोडून देतो म्हणता, मग असला जज आपण एक दिवस तरी खुर्चीवर ठेवू का? मला उत्तर आलं नाही. त्या प्रश्नापायी मी पेन्सिल घेऊन बायबलच्या नव्या करारातलं रोमकरांस पत्र वाचायला बसलो, आणि गंमत म्हणजे तोच प्रश्न ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने, येशूच्या प्रेषिताने, तिसऱ्या अध्यायात स्वतःहून उचललाय.

तर ते कसं वाचायचं ते सांगतो. विश्वास असलाच पाहिजे अशी काही अट नाही, समजून घ्यायची इच्छा पुरे.

आधी थोडी तयारी. हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या आसपासचं, बहुधा करिंथहून रोममधल्या विश्वासणाऱ्यांना पाठवलेलं. पौल सांगत गेला आणि तर्तियस नावाच्या माणसाने लिहून घेतलं, शेवटी १६:२२ मध्ये (म्हणजे १६ वा अध्याय, २२ वं वचन) तो लेखनिक स्वतःच मध्ये डोकावून सलाम सांगतो, मला ते वचन उगाच फार आवडतं. एकूण १६ अध्याय आहेत पण आपलं मुख्य काम पहिल्या पाचांत आहे, सहा ते आठ जरा भराभर बघू. लागेल काय तर जुना करार पण असलेलं पूर्ण बायबल, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक कोरा कागद. फोनवर वाचणार असाल तर चालेल पण मग खुणा करायच्या राहून जातात आणि या पत्रात खुणा केल्याशिवाय धागा हाती लागत नाही, कारण हे पत्र म्हणजे कोर्टात चाललेला एक लांबलचक युक्तिवाद आहे. वकिलाचं मधलंच एक वाक्य उचलून भिंतीवर लावलं तर खटला कुणाचा होता ते कसं कळणार? या पत्रातल्या वचनांचं नेमकं तेच होतं, ३:२३ (‘सर्वांनी पाप केलं’) एकीकडे लटकतंय, ६:२३ (‘पापाचं वेतन मरण’) दुसरीकडे, मधला सगळा माणूस गायब.

पहिल्या दिवशी रोमकरांस पत्र उघडूच नका. लूकच्या शुभवर्तमानात १८:९ ते १४ काढा, सहा वचनं आहेत, पाच मिनिटं लागतील. दोघेजण मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार. इथं सगळ्यांची एक चूक होते, आपण परूशाला सिनेमातला व्हिलन करून टाकतो. तसं करू नका. तो माणूस खोटं बोलत नाहीये. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, लुबाडत नाही, व्यभिचार करत नाही, आणि वर या सगळ्याबद्दल देवाचे आभार पण मानतो. शेजारी म्हणून तुम्हाला कोण हवा असं विचारलं तर तुम्ही आम्ही सगळे परूशीच निवडू, जकातदार तर रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा. आणि तो जकातदार लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. ‘उद्यापासून सुधारतो’ असं पण म्हणत नाही! आणि येशू म्हणतो की घरी जाताना नीतिमान ठरून गेला तो हा, दुसरा नाही. तुमच्या त्या कोऱ्या कागदावर आता एक प्रश्न लिहा: जकातदाराने नेमकं काय केलं? उत्तराची जागा मोकळी सोडा. खाली दुसरा प्रश्न लिहा, माझ्या मित्राचा: असा जज चालेल का? कागद बायबलमध्ये ठेवून द्या.

आता पाप या शब्दाचं बघू, कारण मराठीत हा शब्द येतानाच स्वतःचं सामान घेऊन येतो. आपल्या डोक्यात पाप म्हटलं की लगेच समोर पुण्य उभं राहतं आणि दोघांचा ताळेबंद सुरू होतो, इकडे एवढं तिकडे तेवढं, घडा भरला की संपलं. या हिशोबाने वाचलंत तर पौल काय म्हणतो ते शंभर टक्के निसटणार. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचा अर्थ आहे, आणि जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचं पण तसंच. शास्ते २०:१६ मध्ये ७०० डावखुरे गोफणवाले येतात जे केसाएवढ्या निशाण्यावर दगड मारायचे आणि चुकायचे नाहीत, त्या ‘चुकायचे नाहीत’ मध्ये जे हिब्रू क्रियापद आहे तेच एरवी ‘पाप करणे’ म्हणून येतं. अर्थात नुसत्या व्युत्पत्तीवर फार भार टाकू नका, म्हणजे ‘पाप म्हणजे काय तर छोटीशी चूक’ इतकं पातळ करू नका. नेम देवाकडे धरायचा होता आणि तो स्वतःकडे वळला, असं धरून चाला.

आणि एक बारीक गोष्ट. पौल या पत्रात ‘पापं’ असं अनेकवचन फार कमी वापरतो, तो ‘पाप’ म्हणतो, एकवचनी, जणू कुणी राजा किंवा मालक आहे. पाप राज्य करतं, पाप गुलाम करतं, पाप पगार देतं. ६:२३ मधला वेतनाचा शब्द तर शिपायाच्या पगारासाठी वापरला जाणारा आहे. म्हणजे तुम्ही कधी काय चुकलात त्याची लिस्ट हा पौलाचा मुद्दा नाही, नोकरी कुणाची करताय हा आहे. तापाचा आकडा वेगळा अन् अंगात मुरलेलं दुखणं वेगळं, तसं काहीसं. पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने (३५४ ते ४३०) आपल्या सोळाव्या वर्षातला एक प्रसंग लिहून ठेवलाय, मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती, चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? तर चोरायला मजा आली म्हणून. फळांची किंमत काहीच नाही आणि तरी हा बुद्धिमान माणूस त्याच्यावर पानंच्या पानं लिहितो, कारण फळांच्या आडून त्याला स्वतःचं मन दिसलं. खून दरोडे न केलेल्या साध्या माणसाला ‘मी पापी कसा’ हे कळायला मला तरी याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

दुसऱ्या बैठकीत १:१८ ते ३:२० एका दमात वाचायचं. एका दमात म्हणजे खरंच एका दमात, पंधरा मिनिटांच्या आत होतं. सगळ्यात मोठी गडबड म्हणजे लोक पहिल्या अध्यायाच्या शेवटी थांबतात. १:१८ पासून पौल मूर्तिपूजक जगाचं वर्णन करतो, ते एकापेक्षा एक भयंकर, आणि ऐकणारा धार्मिक माणूस ‘बरोब्बर, अशीच असतात ही माणसं’ म्हणत सरसावून बसतो. त्या यादीत चुगलखोर आणि आईबापाचं न ऐकणारे पण खुन्यांच्या शेजारी बसवलेत हे त्याच्या लक्षात येत नाही. आणि मग २:१ येतं. दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तू कुणीही अस, तुला सबब नाही, कारण तू तेच करतोस. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे पौलाने दोन हजार वर्षांपूर्वी पकडलंय. पहिला अध्याय हा सापळा आहे आणि दुसऱ्यात तो बंद होतो, त्यामुळे १:३२ ला जो पुस्तक मिटतो तो सापळ्यात बसून दुसऱ्यांना शिव्या देत राहतो. अशी माणसं मी बघितलीत, काही वर्षं मी पण त्यातलाच.

मग २:१७ पासून तो आपल्याच लोकांकडे, यहुद्यांकडे वळतो, आणि हे लक्षात ठेवा की पौल स्वतः यहुदी आहे, परूशी होता, त्यामुळे बाहेरून कुणाला हिणवतोय असं अजिबात नाही, घरातला माणूस घरातल्यांशी बोलतोय. दुसऱ्याला शिकवतोस, स्वतःला शिकवत नाहीस का? ही वचनं वाचताना ‘यहुदी’च्या जागी स्वतःचं नाव घालून बघा. ३:१० ते १८ मध्ये जुन्या करारातली वचनं एकापाठोपाठ येतात, बरीचशी स्तोत्रांतली, काही यशयातली, त्यात शरीराचे अवयव मोजा: घसा, जीभ, ओठ, तोंड, पाय, डोळे. पूर्ण माणूस वरपासून खालपर्यंत तपासला आणि रिपोर्ट एकच. म्हणजे माणूस जमेल तितका वाईट आहे असं तो म्हणत नाहीये बरं का, हा गैरसमज फार आहे, माणसं प्रेम करतात, मदत करतात हे त्याला माहितीये. त्याचं म्हणणं असं की तपासायला घेतलेला एकही भाग पूर्ण निरोगी निघाला नाही. आणि ३:१९ ला प्रत्येक तोंड बंद होतं. आरोपीला विचारलंय, तुला काही सांगायचंय का, आणि आरोपी गप्प. मग नियमशास्त्राचं, म्हणजे मोशेमार्फत दिलेल्या आज्ञांचं, काम काय? ३:२० म्हणतं पापाची जाणीव करून देणं. एक्सरेने हाड मोडलेलं दिसतं, एक्सरे छातीशी धरून झोपल्याने हाड जुळत नाही.

इथं पुस्तक मिटा आणि एक दिवस जाऊ द्या. सिरीयसली. त्या गप्प होण्यात जरा राहिल्याशिवाय पुढचं वाचलं तर ते फुकट वाटतं.

तिसऱ्या बैठकीला फक्त ३:२१ ते २६. सहा वचनं, पण पूर्ण अर्धा तास द्या, माझ्या मते अख्ख्या पत्राचा कणा इथे आहे. सुरुवात ‘पण आता’ ने होते, त्या दोन शब्दांखाली जाड रेघ मारा. मग ‘नीतिमान ठरणे’ हा शब्द येतो आणि मराठी वाचक पुन्हा एकदा घसरतो, कारण नीतिमान म्हटलं की आपल्याला सदाचारी, चारित्र्यवान माणूस दिसतो, आणि वाटतं की विश्वास ठेवला की माणूस चांगला होतो असं काहीतरी लिहिलंय. ‘नीतिमान’ बाजूला ठेवा आणि ‘ठरणे’ वर बोट ठेवा. हा कोर्टातला शब्द आहे. अनुवाद २५:१ काढून बघा, तिथं न्यायाधीशांना सांगितलंय की निर्दोष असेल त्याला निर्दोष ठरवा आणि दोषी असेल त्याला दोषी. जज निकाल देताना कुणाचा स्वभाव बदलत नाही, त्याची बाजू काय आहे ते जाहीर करतो. परूशी आणि जकातदाराच्या गोष्टीत येशूच्या तोंडी जो शब्द आहे तो हेच ग्रीक क्रियापद आहे.

आता नीतिसूत्रे १७:१५ काढा आणि जरा घाबरा. तिथं लिहिलंय की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि निर्दोषाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आणि रोम. ४:५ मध्ये देवाचं वर्णन काय केलंय? अभक्ताला नीतिमान ठरवणारा! म्हणजे देवाला ज्याचा वीट तेच देव करतो? माझा मित्र हेच विचारत होता, त्याने फक्त नीतिसूत्रे वाचलेलं नव्हतं. ज्याला इथं अडचणच दिसत नाही त्याला वधस्तंभ पण कळणार नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. देव मोठ्या मनाचा आहे म्हणून चालवून घेतो, एवढंच उत्तर असतं तर पौलाने ३:२५-२६ लिहिलंच नसतं. तो तिथं म्हणतो की देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताने प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, कशासाठी, तर देव स्वतः न्यायी असावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणारा पण असावा. दोन्ही. गुन्ह्याची फाईल गहाळ केलेली नाही, ती उघडली, शिक्षा झाली, आणि ती जजने स्वतःकडे घेतली. (पित्याने तिसऱ्याच कुणा बिचाऱ्याला धरून शिक्षा केली अशी कल्पना करू नका, ख्रिस्ती शिकवण त्या पुत्राला देवच मानते, तो धागा सोडला तर सगळं क्रूर दिसतं आणि दिसायलाच पाहिजे.)

याच वचनांत तीन वेगवेगळी चित्रं आहेत ती पेन्सिलने वेगळी करा. नीतिमान ठरणे हे कोर्टातलं. खंडणी भरून सोडवणे हे गुलामांच्या जगातलं, किंमत भरून मोकळं करणं. प्रायश्चित्त हे मंदिरातलं, तिथला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरच्या (यहुद्यांच्या पवित्र पेटीवरच्या) झाकणासाठी वापरलाय, ज्याच्यावर वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त शिंपडायचा. एकट्या कोर्टाच्या चित्रावर सगळा डोलारा उभा केला की शिकवण कोरडी होते, कागदोपत्री व्यवहार झाल्यासारखी, म्हणून तिन्ही राहू द्या.

आता चौथा अध्याय, आणि इथं दुसऱ्या रंगाची पेन्सिल. ‘गणणे’ या अर्थाचा शब्द दिसला की गोल करा. मूळ ग्रीकमध्ये ते क्रियापद या एका अध्यायात ११ वेळा येतं, मराठी भाषांतरात थोडं कमी-जास्त दिसेल. हा हिशोबातला शब्द आहे, खात्यावर जमा धरणं. मग वचन ४ बघा: काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती मेहेरबानी म्हणून नाही, ती त्याची देणी असते. पगार खात्यावर आला म्हणून कोणी मालकाच्या पाया पडत नाही. पौलाचं म्हणणं, देवाकडून जे येतं ते त्या सदरात बसतच नाही.

अब्राहामाचं उदाहरण तो का घेतो ते कळण्यासाठी उत्पत्तीत जाऊन थोडं गणित करा, मला हा भाग भयंकर आवडतो. उत्पत्ती १५:६, अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणलं. सुंता कधी झाली? १७ व्या अध्यायात, १७:२४ ला तो ९९ वर्षांचा आहे. मध्ये १६:१६ ला इश्माएल जन्मतो तेव्हा तो ८६ वर्षांचा. म्हणजे नीतिमान गणला जाणं आणि सुंता यांच्यात किमान १३ वर्षं गेलीत. आणि नियमशास्त्र? गलतीकरांस पत्र ३:१७ म्हणतं ते ४३० वर्षांनी आलं. तारखा बघितल्या की वाद संपला, विधी आणि नियम निकालाच्या नंतर आले. पौल रब्ब्यांच्या पद्धतीने शिकलेला माणूस, तो भावनेवर बोलत नाही, रेकॉर्ड काढून दाखवतो. लगेच ४:६-८ ला दावीद येतो, स्तोत्र ३२ मधून. अब्राहाम निदान आज्ञा पाळणारा तरी, दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली अन् तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे ठेवून मारवलं. ‘करून करून भागला अन् देवपूजेला लागला’ असं आपण ज्याला म्हणू त्याच माणसाचं स्तोत्र पौल साक्षीला घेतो.

इथे तो कागद काढा. जकातदाराने नेमकं काय केलं? ‘विश्वास ठेवला’ असं लिहिणार असाल तर थांबा, कारण सगळ्यात चोरटी चूक इथं होते. आपण उपास आणि दशांश बाजूला काढतो आणि त्यांच्या जागी विश्वास नावाचं नवीन पुण्य बसवतो, मग माझा विश्वास मोठा, त्याचा कच्चा, हिचा तर नुसता दिखावा, की झाला परूशी परत हजर. विश्वासाला स्वतःची अशी किंमत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर झोपणारा माणूस सर्जनवर विश्वास ठेवतो, न झोपला तर ऑपरेशन होणार नाही हे खरं, पण बरा झाल्यावर ‘मी काय झकास झोपलो होतो’ असं मिरवताना कोणी बघितलंय? ३:२७ मध्ये तो म्हणतोच, प्रौढी कुठे राहिली? बाहेर ठेवली. म्हणून ‘माझा विश्वास पुरेसा आहे का’ असं नाडी धरून बसल्यासारखं तपासत बसू नका, टेबलावरचा माणूस आपण किती घट्ट झोपलोय ते मोजत नाही, सर्जन कोण आहे ते बघतो. थरथरत झोपला तरी ऑपरेशन होतं.

पाचव्या अध्यायात ५:१ ते ११ सोपं आहे, वाचून टाका, फक्त क्रियापदांचा काळ बघा, आपण अजून पापी असताना, शत्रू असताना, हे सगळं आधीच झालेलं. ५:१२ ला मात्र अडकाल. पहिल्या माणसाच्या, आदामाच्या पापामुळे मी दोषी कसा? इथं मोठमोठे लोक अडकलेत, तर तुम्ही अडकलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केलं’ असं वाचता येत होतं, ग्रीकमधून बहुतेक अभ्यासक आज ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असं घेतात. पाश्चात्त्य चर्चमध्ये आदामाचा दोषच वारशाने येतो ही शिकवण घट्ट झाली, पेलाजियस नावाच्या संन्याशाने माणूस स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो असं मांडलं तेव्हा ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याचं म्हणणं फेटाळलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दोष नाही तर मरण आणि बिघाड वारशाने येतो असं म्हणतात. तुम्हाला आजच्या आज बाजू घ्यायची गरज नाही. पौलाचा जोर कशावर आहे ते बघा, आदामापेक्षा ख्रिस्तामुळे झालेलं ‘कितीतरी अधिक’ आहे यावर. त्या परिच्छेदात ‘अधिक’ किती वेळा येतं ते गोल करा, मग पुढं चला.

आता तुमच्या मनात एक गोष्ट आली असेल, नसेल आली तर मागचं नीट वाचलं नाही असं समजा. हे म्हणजे पी हळद अन् हो गोरी झालं की! विश्वास ठेवा, सुटा, मग करा काय करायचं ते. पौलाला पण हा आक्षेप ऐकावा लागला होता, ६:१ मध्ये तो स्वतःच लिहितो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? आणि उत्तर देताना ‘मग कृपा काढून घेईन हं’ अशी धमकी देत नाही. तो म्हणतो, अरे तुम्ही मेलात ना त्या मालकाला, मग त्याच्याकडे कामाला कसे जाता? क्रम असा आहे की आधी निकाल, मग बदल. बदल होतोच, त्याला पवित्रीकरण म्हणतात, आणि तो हळूहळू, कुरकुरत, मागेपुढे होत चालतो, पण निकाल त्याच्यावर टांगलेला नाही. इफिसकरांस पत्र २:८ ते १० तीन वचनं सलग वाचा, लोक नवव्यालाच थांबतात, दहाव्यात सत्कर्मं आहेत, फक्त ती शेवटच्या डब्यात आहेत, इंजिनात नाहीत.

याकोबाचं पत्र २:२४ याच वेळी काढा, कारण कोणी ना कोणी ते तोंडावर फेकणारच. तिथं साफ लिहिलंय की माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही, आणि ‘केवळ विश्वास’ हा शब्दप्रयोग अख्ख्या नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आहे, तो पण नकारात! प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोम. ३:२८ मध्ये ‘केवळ’ घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही, त्यावरून बोंब झाली तेव्हा जर्मन बोलीत तसंच म्हणावं लागतं असं त्याने १५३० मध्ये ठणकावून लिहिलं. मग भांडण कसं सोडवायचं? दोघंही अब्राहामाचं उदाहरण घेतात, पण याकोब बघतोय तो प्रसंग उत्पत्ती २२ चा, इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा, पंधराव्यातल्या निकालानंतर कित्येक वर्षांनी. आणि याकोबासमोरचा माणूस वेगळा आहे, भुकेल्याला ‘ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणून नुसता निरोप देणारा. २:१९ मध्ये तो म्हणतो भुतं पण विश्वास धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसती माहिती पटणं हा पौलाच्या अर्थाने विश्वासच नाही. सगळ्या अभ्यासकांचं एकमत आहे असं नाही, पण मला हे पटतं.

इतिहासाचं थोडक्यात, कारण चर्चा निघाली की हे निघतंच. ल्यूथर तासन्‌तास पापकबुली देऊनही शांत न होणारा संन्यासी होता, १५१५-१६ मध्ये तो विद्यापीठात हेच पत्र शिकवत होता, आणि पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे त्याचे ९५ मुद्दे १५१७ चे. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ ला नीतिमान ठरण्यावर आपलं उत्तर दिलं. इथं एक गैरसमज काढून टाका, कॅथलिक चर्च कर्मांनी तारण शिकवतं असं सर्रास बोललं जातं, पण ट्रेंटने स्पष्ट म्हटलंय की नीतिमान ठरण्याची कृपा आधीच्या कुठल्याही विश्वासाने किंवा कर्माने कमावता येत नाही. फरक असा की तिथं नीतिमान ठरण्यात क्षमेबरोबर आतून नवं होणं पण धरलंय, आणि प्रोटेस्टंट लोक निकाल आणि बदल वेगळे ठेवतात. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथेरन जागतिक संघाने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की मूळ सत्यांवर आपलं एकमत आहे, मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. सगळे वाद मिटले असं नाही, पण पाचशे-एक वर्षांपूर्वीचीच शिवीगाळ पुढे चालवायचं पण काही कारण नाही.

आणि जॉन वेस्ली. हा १७२८ पासून दीक्षित धर्मगुरू, समुद्रापार मिशनरी म्हणून जाऊन आलेला, नियमाने उपास-प्रार्थना करणारा. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये आल्डर्सगेटला एका बैठकीत कोणीतरी ल्यूथरने या पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि पावणेनऊच्या सुमारास त्याला पहिल्यांदा वाटलं की माझी पापं, माझी सुद्धा, काढून टाकलीत. दहा वर्षं जे लोकांना सांगत होता ते. ज्यांना ‘हे आपल्याला लहानपणापासून माहितीये’ असं वाटतं त्यांच्यासाठी सांगितलं.

शेवटच्या बैठकीला सातवा आणि आठवा अध्याय जोडून वाचा, कधीच तोडू नका. सातव्यात ‘जे करू नये वाटतं तेच करतो’ म्हणत कळवळणारा माणूस आहे. तो पौल विश्वास ठेवण्याआधीचा की नंतरचा यावर वाद आहे, पण रात्री झोप न येणाऱ्या माणसाला तो वाद सुचत नाही, त्याला ‘किती मी कष्टी माणूस’ एवढंच ऐकू येतं. तिथून लगेच ८:१, दंडाज्ञा नाही. ज्यांना स्वतःला टोचत राहायची सवय आहे त्यांनी इथं थांबून ८:३३-३४ पण वाचा, पुन्हा तेच कोर्ट, आणि यावेळी पौल विचारतोय की आता आरोप ठेवणार कोण? आणि ज्यांना दुसऱ्यांना टोचायची सवय आहे त्यांनी कृपया परत २:१ ला जा.

एवढं झालं की एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून काढा, तासाभरात होतं. १६:१ मध्ये फिबी नावाच्या बाईची शिफारस आहे, किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका, पत्र बहुधा तीच रोमला घेऊन गेली, आणि ऐकणाऱ्यांनी ते कानांनीच ऐकलं, त्यांच्याकडे अध्याय नव्हते, वचनांचे आकडे नव्हते. पेन्सिल त्या दिवशी बाजूला ठेवा. कागदावरच्या पहिल्या प्रश्नाखालची जागा माझी अजून मोकळीच आहे, दुसऱ्याखाली मी ३:२६ एवढंच लिहिलं आणि मित्राला फोटो पाठवला, त्याने वाचलं आणि म्हणाला, ठीक आहे, पण मग आता आदामाचं सांग.